रोषणाईचा आवाज अंगणातच राहावा म्हणून

मेसन, ओहायो
४ जानेवारी

प्रिय अनंत,

सप्रेम नमस्कार.

सोसायटीच्या दिवाळीच्या रोषणाईला संगीताची जोड द्यायची, पण वरच्या मजल्यांवरच्या आजारी माणसांना त्रास होऊ द्यायचा नाही, असे तू लिहिलेस ते वाचून फार बरे वाटले, कारण गेला अख्खा डिसेंबर मी याच प्रश्नाच्या मागे होतो.

आमच्या या गावाला नाताळच्या रोषणाईचा इतिहास आहे. कार्सन विल्यम्स या अभियंत्याने २००४ मध्ये येथेच आपल्या घरावरचे सुमारे १६,००० दिवे संगीताच्या तालावर नाचवले होते, आणि शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून ते संगीत कमी शक्तीच्या एफएम प्रक्षेपणातून थेट गाड्यांच्या रेडिओवर पोहोचवले होते. पुढच्या वर्षी गर्दीमुळे वाहतूक अडू लागली, तेव्हा त्यांनी तो कार्यक्रम थांबवला. गाडीतून पाहणाऱ्यांसाठी हा उपाय मला आजही उत्तम वाटतो, पण आमच्या गल्लीत लोक मुलांना घेऊन पायी येतात, त्यांच्याकडे रेडिओ कुठला असणार?

म्हणून मी व्हरांड्यात दोन मोठे स्पीकर लावले. तिसऱ्याच दिवशी समोरच्या घरातल्या वयस्कर बाई आल्या आणि दिवे सुंदर आहेत असे मनापासून सांगून म्हणाल्या, की गाणे ऐकू येत नाही, नुसता ठोका भिंतीतून आत येतो आणि यजमानांची झोप मोडते. मला फार वाईट वाटले आणि त्या रात्रीपासून आवाज बंद ठेवला.

मग एका परिचिताकडून, संग्रहालयांत एखाद्या चित्रापुढे उभ्या असलेल्यालाच निवेदन ऐकू यावे म्हणून वापरतात तसला, श्राव्यातीत, म्हणजे कानाला न ऐकू येणाऱ्या, ध्वनीचा सपाट स्पीकर आठवडाभरासाठी मागून आणला. आवाज एका दिशेने बांधून न्यायचा तर त्याचा उगम तरंगलांबीपेक्षा बराच मोठा असावा लागतो. १०० हर्ट्झच्या ढोलाची तरंगलांबी जवळजवळ साडेतीन मीटर असते, तर ४० किलोहर्ट्झच्या, कानाला न ऐकू येणाऱ्या ध्वनीची जेमतेम साडेआठ मिलिमीटर, त्यामुळे हातभर लांबीच्या पट्टीतूनही त्याचा झोत निघतो. संगीत या लहरींवर चढवून सोडले, की वाटेतली हवाच त्याचे पुन्हा ऐकू येणाऱ्या आवाजात रूपांतर करते.

पहिल्या संध्याकाळी मी तो व्हरांड्यातून सरळ पदपथाकडे रोखला. पदपथावर घंटांचा नाद कानाशी वाजावा इतका स्पष्ट होता आणि दोन पावले बाजूला सरकताच जवळजवळ नाहीसा होत होता. पण झोत पदपथावर थांबला नाही. रस्ता ओलांडून तो समोरच्या गॅरेजच्या पत्र्याच्या दारावर आदळला आणि परत आला, तेव्हा गाणे जणू त्याच बाईंच्या घरातून येत होते! दुसऱ्या दिवशी तो छपराच्या वळचणीखाली बांधून खाली कलता केला, म्हणजे झोत आमच्याच हिरवळीच्या कडेला जमिनीत संपेल. परावर्तन थांबले, पावसापासूनही आडोसा मिळाला, पण ढोलाला वजनच उरले नाही. घंटा आणि निवेदन यांसाठी तो स्पीकर मी निःसंकोच घेईन, भरदार संगीतासाठी घेणार नाही.

शेवटी उपाय सापडला तो साध्या स्पीकरांतच. उघड्यावर अंतर दुप्पट झाले, की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. व्हरांड्यापासून श्रोते १२ मीटरवर आणि समोरचे घर २४ मीटरवर होते, म्हणजे श्रोत्यांना ६५ डेसिबल मिळाले, की त्या घरापर्यंत ५९ पोहोचत होते. त्याऐवजी दोन लहान स्पीकर पदपथाच्या रस्त्याकडच्या कडेला, श्रोत्यांपासून दीड मीटरवर, रस्त्याकडे पाठ आणि आमच्या घराकडे तोंड करून ठेवले, तेव्हा श्रोत्यांना तितकाच आवाज मिळूनही समोर हिशेबाने ४८ च्या आसपास जायला हवा होता, आणि पाठीमागे उंच स्वर आणखी क्षीण होतात ते वेगळेच. १५० हर्ट्झखालचा भाग मात्र मी कापून टाकला, कारण खर्जाला पाठ आणि पोट दोन्ही सारखीच, आणि भिंतीतून जातो तोही तोच.

मंडळात आपण कर्णे बांबूला बांधायचो, ते आठवते का? कर्णासुद्धा दिशेचाच होता, पण आपण तो उंच चढवून सगळ्या गावाकडे रोखत असू.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेव. थंड, निवांत रात्री जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार असते, त्यामुळे आवाज खाली वाकून दूरवर जातो. दुपारी जुळवलेला आवाज रात्री जास्त होतो, तेव्हा चाचणी रात्रीच घे, आणि तीही अंगणात उभे राहून नव्हे. मी त्या बाईंची परवानगी घेऊन त्यांच्या झोपण्याच्या खोलीत दहा मिनिटे बसलो होतो. खिडकी बंद असताना फ्रिजची घरघर तेवढी ऐकू येत होती.

तुमच्या दोन इमारतींमधले अंतर आणि लोक उभे राहतात ती जागा पावलांनी मोजून कळव, म्हणजे स्पीकर कुठे ठेवायचे त्याचा नकाशा काढून पाठवतो. वहिनींना नमस्कार.

तुझा,
मोहन