खिळ्यांच्या खुणा

वसई,
6 एप्रिल 2026

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

नानांच्या दहाव्याला तू मला बाजूला घेऊन विचारलंस, "नाताळ कळतो रे, बाळ जन्मलं. पण मेलेला माणूस उठला, हे तू खरंच मानतोस?" तिथे चार लोकांत बोलणं शक्य नव्हतं. काल ईस्टर, म्हणजे येशू मेलेल्यांतून उठल्याचा सण, झाला, आज सवड आहे, म्हणून लिहायला बसलोय.

हो, मानतो. माझ्या श्रद्धेचा सगळा भार त्या एकाच गोष्टीवर आहे. येशूचा सुरुवातीचा प्रचारक पौल याने साधारण इ. स. 55 च्या सुमारास ग्रीसमधल्या करिंथच्या ख्रिस्ती मंडळीला लिहिताना काही आडपडदा ठेवला नाही: ख्रिस्त उठला नसेल तर आमचा उपदेश फुकट आणि तुमचा विश्वासही फुकट. त्याच पत्रात तो साक्षीदार सांगतो. येशूचा शिष्य पेत्र, मग बारा शिष्य, मग एकाच वेळी पाचशेहून जास्त बंधू, आणि त्यातले बहुतेक अजून हयात आहेत म्हणतो. म्हणजे शंका असेल तर जाऊन विचारा!

येशूची रिकामी कबर सगळ्यात आधी पाहिली ती बायकांनी. त्या काळच्या यहुदी समाजात बाईच्या साक्षीला फारसं वजन नव्हतं. गोष्ट रचायचीच असती तर कुणी बायकांच्या तोंडी घातली नसती. आणि मार्कच्या शुभवर्तमानात, म्हणजे त्याने लिहिलेल्या येशूच्या चरित्रात, तर त्या थरथर कापत पळून जातात, भीतीपोटी कुणाला काही सांगत नाहीत. मला ही भीतीच फार खरी वाटते.

तू म्हणालास, आत्मा अमर आहे हे आम्हीही मानतो, मग वेगळं काय? वेगळेपण देहात आहे. नानांच्या उशाशी गुरुजींनी गीतेतला जुनी वस्त्रं टाकून नवी घेण्याचा श्लोक म्हटला, तो मीही ऐकत होतो. आमच्याकडे देह हे टाकायचं वस्त्र नाही. देवाने तो घडवला, तो त्याला प्रिय आहे, आणि तोच देह तो नवा करून उठवणार. येशूने उठवलेला लाजरसही कबरेतून बाहेर आला होता, पण तो याच आयुष्यात परतला आणि पुढे कधीतरी पुन्हा मेलाच असणार. येशूचं तसं नाही. तो मरणाच्या पलीकडे निघाला. ओळखीची माणसंही त्याला चटकन ओळखत नाहीत. त्याची शिष्या मग्दालिया मरिया हिला तो माळी वाटतो, आणि त्याने नावाने हाक मारली तेव्हा कुठे ती ओळखते. पण तो भूतही नाही. दुसऱ्या शुभवर्तमानात लूक लिहितो, त्याने शिष्यांसमोर भाजलेला मासा खाल्ला.

शनिवारी रात्री चर्चमधले सगळे दिवे मालवतात. बाहेर अंगणात नवा अग्नी पेटवतात आणि फादर त्याच्यापाशी पास्काची, म्हणजे ईस्टरची, मेणबत्ती तयार करतात. मनगटाएवढी जाड असते. तिच्यावर आधी क्रूस कोरतात, वर आल्फा, खाली ओमेगा, म्हणजे ग्रीक लिपीतलं पहिलं आणि शेवटचं अक्षर, आणि क्रुसाच्या चार कोनांत चालू वर्षाचे चार आकडे. मग क्रुसावर धुपाचे पाच खडे मेणात एकेक करून दाबून बसवतात. दोन हात, दोन पाय, एक कूस. त्या क्रुसावरच्या येशूच्या पाच जखमा आहेत, सुहास. चाळीस दिवस उपवास करून, गुरुवारपासून मुक्या राहिलेल्या घंटा वाजायच्या आधी, आनंदाच्या त्या पहिल्या ज्योतीवर आम्ही जखमाच रोवतो. मग ती एकटी मेणबत्ती अंधारात आत जाते आणि तिच्यावरून हातोहात सगळ्यांच्या मेणबत्त्या पेटतात.

मला ईस्टरचा अर्थ इथे सापडतो. ज्या देवाने मरण हटवलं त्याला खिळ्यांच्या खुणा बुजवता आल्या नसत्या का? पण त्या राहिल्या. थोमा नावाचा शिष्य अडून बसला, खुणा पाहिल्याशिवाय मानणार नाही म्हणाला. आठ दिवसांनी येशूने त्याला रागावण्याऐवजी हातच पुढे केले. जे प्रेमापायी सोसलं ते पुसायचं नसतं, तीच त्याची ओळख झाली.

म्हणून सांगतो, रागावू नकोस. छापखान्याच्या यंत्रात नानांच्या उजव्या हाताच्या बोटाचं एक पेर गेलं होतं, आणि त्याच हाताने त्यांनी तुम्हा तिघांना वाढवलं. माझा देव तो हात विसरणार नाही, असं मी मनापासून मानतो. तुझी श्रद्धा वेगळी आहे, माझी तुझ्यावर लादत नाही. पण तू विचारलंस आणि मी हे मनात ठेवलं असतं, तर मैत्रीला कमी पडलो असतो.

पेत्राचं राहिलंच. येशूला पकडून नेलं त्या रात्री कोळशाच्या शेकोटीपाशी ऊब घेताना त्याने येशूला तीनदा नाकारलं होतं. योहान आपल्या शुभवर्तमानात सांगतो, उठल्यानंतर येशूने सरोवराकाठी पुन्हा कोळशाचा विस्तवच पेटवून ठेवला होता, त्यावर मासे आणि भाकर. न्याहारी झाल्यावर त्याने पेत्राला तीनदाच विचारलं, माझ्यावर प्रीती करतोस का? झाल्या गोष्टीचा उच्चारसुद्धा नाही. उलट, माझी मेंढरं सांभाळ म्हणून कामच सोपवलं. हा उतारा मी कितीदा वाचला असेल, दर वेळी गळा दाटून येतो.

सणाची तारीख दरवर्षी का बदलते तेही विचारलं होतंस. वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेपुढचा रविवार धरतात. म्हणून यंदा तो हनुमान जयंतीच्या पाठोपाठ आला. पुढच्या वर्षी होळीनंतर लगेच, 28 मार्चला आहे. 27 ला शनिवारी रात्रीच्या विधीला तू ये, काकूंनाही घेऊन ये. मुक्कामाला आमच्याकडेच. काकू जेवतात ना नीट? त्यांना माझा नमस्कार सांग, आणि वर्षश्राद्धाची तिथी ठरली की कळव, मी येणार आहे.

तुझा,
सायमन