शुगर तपासायला जाण्याआधी

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

सोमवारी राजारामपुरीतल्या लॅबमध्ये बाबांची शुगर तपासायची आहे. बाबा, एक कळकळीची विनंती. तपासणी जवळ आली म्हणून भात बंद, गोड बंद, असं काही करू नका. चार दिवसांच्या पथ्याने उपाशीपोटीचा आकडा छान दिसतो, डॉक्टर त्याच आकड्यावर गोळी ठरवतात आणि नेहमीचं जेवण सुरू झालं की ती गोळी पुरत नाही.

रविवारी रात्री नऊच्या आत जेवण उरका, सकाळी सातला रक्त द्या. किमान आठ तास पोट रिकामं हवं. पाणी चालतं. चहा बिनसाखरेचाही नको, दुधात साखर असतेच. त्या दिवशी रंकाळा तलावाभोवती चालण्याची फेरीही नको. शुगरची गोळी सोबत न्या आणि डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर रक्त दिल्यावर नाश्त्याबरोबर घ्या.

दुसरं रक्त दोन तासांनी. हे दोन तास पहिल्या घासापासून मोजायचे, खाऊन उठल्यापासून नाही. बहुतेकांची गफलत इथेच होते. गोळी न घेता हे रक्त दिलं, तर गोळी लागू पडते की नाही हे कळणार कसं? भूक लागली म्हणून मिसळीवर ताव मारू नका, घाबरून अर्धी भाकरीही नको. रोजचाच नाश्ता करा.

एचबीए१सी या रक्ताच्या तपासणीला उपास लागत नाही. तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात. त्यांच्यातल्या हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर त्यात मोजतात, म्हणून दोन-तीन महिन्यांचा हिशेब कळतो. आई, तूही ही तपासणी करणार असशील तर हिमोग्लोबिन कमी असल्याचं डॉक्टरांना आधी सांग. लोह कमी असलं की हा आकडा खऱ्यापेक्षा जास्त येऊ शकतो.

घरच्या मशीनवर मोजताना हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा. बोटाला गुळाचा चिकटा राहिला तर त्याचीच साखर मोजली जाते. बोटाच्या कडेला टोचा, मधोमध जास्त दुखतं. रक्त येत नसेल तर बोट पिळू नका, हात थोडा वेळ खाली सोडा. मशीनची पट्टी काढली की डबी लगेच घट्ट लावा, आपल्याकडच्या पावसाळी हवेत उघड्या पट्ट्या खराब होतात.

घाम फुटला, हातपाय थरथरले, तर आधी शुगर मोजा. ७० च्या खाली असेल तर तीन लहान चमचे साखर पाण्यात घालून लगेच प्या. पेढा नको, दुधातल्या स्निग्धामुळे साखर सावकाश चढते. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. तरीही वाढली नसेल तर पुन्हा तेवढीच साखर घ्या आणि डॉक्टरांना फोन करा.

तुमची लेक