आई, लातूरच्या काकूंशी स्वतःची बरोबरी करू नकोस

आई, बाबा,

काल आई फोनवर रडायला लागली आणि मला काही सुचलंच नाही म्हणून हे लिहितेय. बाबा, तिला वाचून दाखवा, आणि मधलं काही गाळू नका, तुमची सवय माहितीये मला.

आई, तू म्हणतेस त्या लातूरच्या काकू आणि तू एकाच आठवड्यात लाईटला, म्हणजे रेडिएशनला लागलात, दोघींना गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर, दोघींची तिसरी स्टेज, तेच मशीन, आठवड्याला तीच किमो, आणि त्यांची गाठ आत्ताच डॉक्टरांच्या हाताला लागेना, तुझी मात्र अजून तशीच, म्हणजे तुझं अंगच औषध घेत नाही. अगं पण जागा एक असली तरी आजाराची जात वेगळी आहे. काकूंच्या मुलाशी बोलले मी, त्यांचा स्क्वेमस, म्हणजे पिशवीच्या तोंडावरच्या चपट्या पेशींचा, दहातल्या सात-आठ बायकांना हाच असतो. तुझ्या बायोप्सीवर एडिनोकार्सिनोमा लिहिलंय, तो आतल्या नळीतल्या ग्रंथींमधून उठतो. (म्हणूनच दोन वर्षांपूर्वी कॅम्पमधल्या तपासणीत काही निघालं नसेल, आत लपलेलं तिथे पुष्कळदा सुटतं. आणि अंगावरून जायला लागल्यावर उष्णता म्हणून तू सब्जा पीत बसलीस त्यावर मी आता बोलणार नाही.)

तर लाईटने स्क्वेमसची गाठ बहुतेकदा भराभर बसते, एडिनोची हळू, कधी कधी लाईट संपल्यावरही कित्येक आठवडे ती आतल्या आत कमी होत राहते. म्हणून तर खरा निकाल उपचार संपल्यावर तीन महिन्यांनी पेट स्कॅन (अंगात कुठे आजार उरलाय ते दाखवणारा फोटो) करून बघतात. चौथ्या आठवड्यात हात लावून ठरवायचं नसतंय ते.

आता किमो. पाचवी नको म्हणतेस, उलट्यांनी जीव जातो, कळतं मला. पण तुझ्या प्रकारात तीच जास्त कामाची आहे गं. अमेरिकेत जुने अभ्यास एकत्र करून बघितले, सोळाशेच्या वर बायका, त्यात एडिनोच्या जातीतल्या दोनशेसुद्धा नाहीत, आणि नुसत्या लाईटवर त्या मागे पडल्या पण सोबत सिस्प्लॅटिन, म्हणजे तुझं हेच किमोचं औषध, घेतलेल्या जवळजवळ स्क्वेमसवाल्यांच्या बरोबरीने राहिल्या. आपल्याकडे मुंबईच्या टाटा हॉस्पिटलने 850 बायकांवर केलेला मोठा अभ्यास 2018 ला आला, पाच वर्षांनी किमोवाल्या शंभरात 54 जिवंत, नुसत्या लाईटवाल्या 46, पण त्यात सगळ्या स्क्वेमसच्याच होत्या. तुझ्यासारख्या कमी म्हणून अभ्यासही कमी, याचा मला जरा रागच येतो.

बाबा, तुमच्यापासून लपवत नाही, हा प्रकार लांब पसरायची भीती थोडी जास्त असते, त्यामुळे नंतरच्या तपासण्या एकही चुकवायची नाही. क्रिएटिनिनचा रिपोर्ट आला की लगेच फोटो टाका, सिस्प्लॅटिन किडनीला जड असतं, क्रिएटिनिन वाढलं तर डॉक्टर स्वतःच थांबवतील, आपण आपल्या मनाने थांबवायचं नाही. पाणी भरपूर पाजा, लघवी किती होते ते वहीत लिहा.

आणि येळवशीला (वेळा अमावस्येला, रानातल्या पूजेला) आठ दिवस गावाकडे जाऊन येऊ म्हणालात ते अजिबात नको. बाहेरची लाईट, मग आतून द्यायची लाईट, सगळं मिळून आठ आठवड्यांच्या आत संपायला लागतं, मध्ये खंड पडला की गाठीला परत डोकं वर काढायला सवड मिळते. आतल्या लाईटला आई घाबरलीये ना, त्या दिवशी मी असेन सोबत, रजा टाकलीये.

रानात पूजेला काका जातील, त्यांच्याशी बोलणं झालंय. मी आदल्या दिवशी सोलापूरला येते, खोलीवरच येळवशीची भज्जी, पालेभाज्या-डाळींची, करते, पण आई तुला ती चालायची नाही, एवढी पालेभाजी आणि डाळी खाऊन जुलाब वाढतील, आधीच लाईटने पोट बिघडलंय. तुला आंबील, तीपण डाएटवाल्या मॅडमना विचारून. काकूंनाही बोलव, त्यांच्या सुनेचा फोन होता, त्याही रोज रडतात म्हणे.

तुमची,
ताई