वरच्या मजल्यावरच्या काकांना, मनापासून थँक्यू

काका, समोर आलात की तुम्ही बोलूच देत नाही, "असू दे गं" म्हणून लगेच चहाचा विषय काढता, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय. आणि सविस्तर लिहितेय, अजून कोणाकडे साडी नेसवायला माणसाएवढी सिलिकॉनची बाहुली असेल आणि तिचे सांधे ढिले झाले असतील तर त्यांनाही उपयोग होईल.

बाकीच्यांसाठी थोडं सांगते. मी पुण्यात घरीच साडी नेसवायचे क्लास घेते. फायबरच्या पुतळ्यावर सहावारी शिकवता येते पण नऊवारीचं अवघड होतं, कासोटा पायांमधून मागे घ्यायचा तर पाय हलायला हवेत ना, आणि नवरी पाटावर बसली की निऱ्या कुठे ओढल्या जातात ते बसलेल्या अंगावरच कळतं. म्हणून एका बंद होणाऱ्या दुकानातून माणसाच्या उंचीची सिलिकॉनची बाहुली सेकंडहँड घेतली होती, आत स्टीलचा सांगाडा, वजन 30 किलोच्या आसपास. तिला पांढरी लेगिंग घालूनच साडी नेसवायची, नाहीतर गडद रंग सिलिकॉनमध्ये उतरतो आणि मग निघत नाही, हे मी एक डाग पडल्यावर शिकले.

दोन वर्षं छान गेली आणि मग उजवा खांदा ढिला झाला, पाठोपाठ दोन्ही कोपरं. पदर लावेपर्यंत हात हळूहळू खाली यायचा, मुली एका हाताने तिचा हात धरून दुसऱ्या हाताने निऱ्या करायच्या. रिपेअरसाठी तीन ठिकाणी विचारलं. फोटो बघितला की लोक आधी हसायचे, एकाने तर नको ते विचारलं आणि मी तशीच घरी आले. तुमचा जिना चढताना पोटात गोळा आला होता खरंच. तुम्ही चष्मा लावला, खाली आलात, तिचा हात धरून सावकाश वरखाली केला, खांद्याला कान लावला आणि विचारलंत, "हा कट्ट आवाज कधीपासून येतोय?" बस. त्या एका प्रश्नासाठी हे पत्र आहे काका.

मी तर फेविक्विक आणून ठेवलं होतं. तुम्ही ते बाजूला सारलंत आणि जुन्या बिलाच्या मागे चित्र काढून दाखवलंत, दोन पट्ट्या, मधून बोल्ट, वॉशर, नट, झालं. नट जेवढा आवळलेला तेवढ्या घर्षणावर हात थांबतो, आणि दिवसातून वीसवेळा हात वरखाली केला की पट्टी नटाला दरवेळी जरा जरा सोबत फिरवते, म्हणून तो ढिला होतो. फेविक्विक सिलिकॉनला धरत नाही, आणि सांध्यात गेलं असतं तर हात कायमचा जाम.

आतल्या नटापर्यंत पोचायला सिलिकॉनला चीर द्यायची म्हटल्यावर माझे हात थरथरत होते. तुम्ही नवीन ब्लेड लावायला सांगितलंत, काखेत मोल्डची शिवण दिसते तिच्यावरून एकाच दमात चीर, मागेपुढे करवतीसारखं नाही, कडा फाटल्या की पुन्हा नीट जुळत नाहीत. आणि चीर संपते तिथे चामड्याच्या पंचाने बारीक गोल भोक, नाहीतर सिलिकॉन त्या टोकापासून पुढे फाटत जातं. हे मला कुठेच कोणी सांगितलं नव्हतं.

बोहरी आळीतून सामान आणायला पण सोबत आलात. कोपरांसाठी नायलॉक नट (आत नायलॉनची रिंग असते, त्यामुळे सहज ढिला होत नाही) आणि स्प्रिंग वॉशर. खांद्यात नायलॉक बसेना, म्हणून जुनाच नट आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) पुसून निळं थ्रेडलॉकर लावलं, म्हणजे नट आपोआप सुटू नये म्हणून आट्यांना लावायचा गोंद. लाल का नाही विचारलं तर म्हणालात, ते सोडवायला गरम करावं लागतं आणि सिलिकॉनच्या आत गरम कसं करणार. आवळायचं किती तेही मोजमाप न सांगता हाताला शिकवलंत, हात आडवा धरून सोडला तर जागेवर राहिला पाहिजे, तळहाताने ढकलला तर हलला पाहिजे. जास्त आवळलं की सगळा जोर सांगाड्याच्या वेल्डिंगवर जातो. मग थ्रेडलॉकर सेट होईपर्यंत 24 तास हात लावायचा नाही, आणि मी खरंच दार लावून घेतलं होतं.

चीर चिकटवायला न्यूट्रल क्युअर सिलिकॉन, ते व्हिनेगरसारखा वास येणारं नाही, कारण त्यातून सुटणारं ॲसिड आतल्या स्टीलला गंज आणतं. कडा आयपीएने पुसून, पातळ थर, दाबून वरून टेप. श्रावणातली दमट हवा होती आणि हे सिलिकॉन हवेतल्या ओलाव्यानेच सेट होतं, त्यामुळे काम पटकन झालं. वर चिमूटभर कॉर्नफ्लॉवर चोळलं तर शिवण हात लावून शोधावी लागते आता.

पण सगळ्यात जास्त थँक्यू दुसऱ्या कोपरासाठी. पहिलं तुम्ही केलंत आणि दुसऱ्याला पाना माझ्या हातात दिलात. भोसरीच्या टूलरूममध्ये एवढी वर्षं काढलेला माणूस शेजारी नुसता बसून राहिला, मी दोनदा चुकीच्या बाजूला फिरवलं तरी हात पुढे केला नाहीत, फक्त "उलटं, उलटं" एवढंच. पैसे तर घेतलेच नाहीत, वॉशरचे सुद्धा.

गेल्या रविवारी मुलींनी तिला पाटावर बसवून पेशवाई नेसवली, दोन्ही हात जोडलेले, आणि क्लास संपेपर्यंत हात खाली आले नाहीत. फोटो काकूंच्या फोनवर पाठवलाय, बघा.

आता डावा गुडघा जरासा ढिला वाटतोय. तो मीच उघडणार आहे, तुम्ही फक्त शेजारी येऊन बसा.