भाकरीवरच्या पिझ्झालाही पुरवणीत जागा द्यावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत पिझ्झाची पाककृती अधूनमधून येते आणि प्रत्येक वेळी तीत यीस्ट, फुगायला तासन् तास ठेवलेले मैद्याचे पीठ आणि ओव्हन गृहीत धरलेले असते. कोल्हापुरातल्या कितीतरी घरांत ओव्हन नाही; भाकरीची बुट्टी मात्र आहे, आणि तिच्यात सकाळची एखादी ज्वारीची भाकरी उरलेली असतेच. तिच्यावर पंधरा मिनिटांत चांगला पिझ्झा होतो, म्हणून त्याचीही कृती आपण सविस्तर छापावी, अशी विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

नेपल्समधले कारागीर कच्च्या पिठावर चीज-टोमॅटो घालतात, त्यामुळे ४०० अंशांहून अधिक तापलेल्या लाकडाच्या भट्टीत ते दीड मिनिटाच्या आत भाजून काढावे लागते. युनेस्कोने २०१७ मध्ये त्यांच्या या कलेला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले, ते योग्यच आहे. पण भाकरी आधीच भाजलेली असते. आपल्याला फक्त चीज वितळवायचे असते आणि तेवढ्याला तवा व झाकण पुरते.

माझा पहिला प्रयत्न मात्र फसला. मी टोमॅटोचे पातळ सारण गरम भाकरीवर पसरले आणि नातवाने तुकडा उचलताच तो मधोमध तुटून ताटात पडला. ज्वारीत गव्हासारखे ग्लुटेन नसल्यामुळे ओल मुरलेली भाकरी धरून राहत नाही, हे तेव्हा ध्यानात आले. आता मी भाकरी पालथी घालते, म्हणजे पापुद्र्याची बाजू तव्याला आणि जाड बाजू वर. मंद आचेवर थेंबभर तेलात पापुद्रा कुरकुरीत होऊ लागला, की मगच वर सारण लावते. टोमॅटो आणि ठेचलेला लसूण पळीला चिकटून राहील इतका आटवायचा, त्यात आपल्याकडे जिला नुसते ‘चटणी’ म्हणतात ती कांदा-लसूण चटणी अर्धा चमचा घालायची आणि मीठ बेताने, कारण चीज खारटच असते. कांदा आणि ढबू मिरची पातळ चिरून मोठ्या आचेवर परतून घेतली, तर त्यांचे पाणी भाकरीत उतरत नाही. वरून किसलेले मोझरेला घालून चार-पाच मिनिटे झाकण ठेवावे आणि चीज वितळताच काढून घ्यावे, नाहीतर झाकणाची वाफ गळून कुरकुरीतपणा जातो. इटलीतल्या काम्पानिया भागात हे चीज म्हशीच्या दुधाचे करतात. गंगावेशीत म्हशीचे धारोष्ण दूध पिणाऱ्या कोल्हापूरकराला ती चव परकी वाटू नये.

चपातीवरही हे जमते, फक्त ती पातळ असल्याने दोन चपात्यांमध्ये थोडे चीज घालून त्या आधी एकमेकींना चिकटवून घ्याव्यात.

शिक्षणासाठी येथे खोली घेऊन राहणाऱ्या, एकाच शेगडीवर स्वयंपाक करणाऱ्या मुलामुलींना अशा कृतीचा फार उपयोग होईल. ती छापताना ‘चवीनुसार’ आणि ‘अंदाजे’ असे न लिहिता भाकरीची जाडी, आच आणि मिनिटे स्पष्ट द्यावीत, कारण नवशिक्याचे काम नेमके तिथेच अडते.

आपली नम्र,
एक वाचक गृहिणी,
मंगळवार पेठ, कोल्हापूर