शिकवणीचा शिक्षक निवडण्याआधी : लेकीस पत्र

चि. मैत्रेयी हिस,

अनेक उत्तम आशीर्वाद.

प्रवेश परीक्षेसाठी खाजगी शिकवणी लावावी असे तुझ्या मनात आहे आणि त्यासाठी तीन शिक्षकांची नावे तू कळवली आहेस. शिकवणीला आमची ना नाही, हे आधीच सांगते. फीचा विचार तुझे बाबा आणि मी करू, ती चिंता तू करू नकोस. मात्र कोणाचे नाव मोठे आहे किंवा तुझ्या मैत्रिणी कोणाकडे जातात, एवढ्यावरून हा निर्णय होऊ नये असे मला मनापासून वाटते. या विषयावर मी बरेच वाचले आहे, आणि ते फोनवर घाईघाईने सांगण्यासारखे नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

शिक्षक शोधण्याआधी एक काम तुलाच करावे लागेल. मागील एखाद्या वर्षाची संपूर्ण प्रश्नपत्रिका, परीक्षेला मिळतो तेवढाच वेळ लावून, मध्ये न उठता सोडव. गुण किती पडले ते वहीत लिहून ठेवच, पण चुकलेल्या आणि सोडून दिलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे तो का हातचा गेला हेही लिही. काही ठिकाणी मुळात संकल्पनाच कळलेली नसेल. काही ठिकाणी संकल्पना ठाऊक असूनही या प्रश्नाला तीच लागते हे सुचले नसेल. काही प्रश्न आकडेमोडीत किंवा प्रश्न नीट न वाचल्यामुळे गेले असतील, आणि काहींपर्यंत तू पोहोचलीच नसशील. या चारही चुकांचे गुण सारखेच जातात, परंतु त्यांवरचे उपाय वेगवेगळे आहेत. आकडेमोड आणि वेळ या गोष्टी बऱ्याच अंशी नियमित सरावानेच सुधारतात आणि त्यासाठी फी भरण्याची गरज नसते. शिक्षकाचा खरा उपयोग पहिल्या दोन प्रकारांत, आणि विशेषतः दुसऱ्या प्रकारात आहे, कारण आपल्याला काय सुचत नाही हे आपले आपल्याला सहसा दिसत नाही. असे प्रश्न एकाच विषयात जास्त निघाले, तर त्या एका विषयापुरतीच शिकवणी लाव. सगळ्या विषयांची शिकवणी लावली की स्वतः बसून अभ्यास करायला वेळच उरत नाही.

ही वही पहिल्या भेटीत शिक्षकांसमोर ठेव. ती उघडून पाहणारे, तुझे कच्चे काम वाचणारे, एखाद्या चुकीपाशी थांबून ‘ही पायरी तू अशी का लिहिलीस?’ असे विचारणारे शिक्षक मला हवे आहेत. वही बाजूला ठेवून पहिल्या धड्यापासून सुरुवात करणारे शिक्षक कितीही विद्वान असले, तरी ते तुला शिकवणार नाहीत, अभ्यासक्रम शिकवतील. अभ्यासक्रम तर तुझ्या महाविद्यालयातही शिकवला जातो आहेच.

वैयक्तिक शिकवणीच्या बाजूने बेंजामिन ब्लूम या शिक्षणतज्ज्ञांचा १९८४ सालचा निबंध फार उद्धृत केला जातो. एकेकट्याला शिकवलेला सरासरी विद्यार्थी नेहमीच्या वर्गातील सुमारे ९८ टक्के विद्यार्थ्यांच्या पुढे गेला, असे त्यात मांडले आहे, आणि शिकवणीच्या जाहिरातींना हा आकडा साहजिकच आवडतो. तो ज्या प्रयोगांवर आधारलेला आहे ते मात्र काही आठवड्यांचे होते आणि ठरावीक घटकांपुरतेच होते. त्या विद्यार्थ्यांना वरचेवर चाचण्या दिल्या जात आणि ठरलेली पातळी गाठल्याशिवाय पुढचा भाग सुरू होत नसे, हीही बाब त्यात महत्त्वाची होती. पुढे २०११ साली कर्ट व्हॅनलेन यांनी अशा अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला, तेव्हा वैयक्तिक शिकवणीचा फायदा चांगला आढळला, परंतु ब्लूम यांनी सांगितला होता त्याच्या निम्म्याहून कमी. त्याहून लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की उत्तराची प्रत्येक पायरी तपासून तिथल्या तिथे सूचना देणारे संगणकीय कार्यक्रम माणसाच्या जवळजवळ बरोबरीने परिणामकारक ठरले, आणि फक्त शेवटचे उत्तर तपासणारे मागे पडले. यावरून मी एवढे घेतले की शिक्षक समोर असण्यापेक्षा तो तुझ्या पायऱ्या पाहतो की नाही, याला अधिक मोल आहे.

तू पाठवलेल्या तीन नावांपैकी एका शिक्षकांबद्दल ‘ते फार सुंदर समजावून सांगतात’ असे तू लिहिले आहेस. या एका वाक्यापाशी मी जरा जास्त वेळ थांबले. समजावून सांगण्याची हातोटी हा मोठा गुण आहे आणि त्याचे महत्त्व मला कमी लेखायचे नाही. तरीही मिशेलिन ची या संशोधिकेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग तुला सांगायलाच हवा. मानवी रक्ताभिसरण शिकवणाऱ्या शिक्षकांना त्यांनी एका टप्प्यात नेहमीप्रमाणे शिकवू दिले, आणि दुसऱ्या टप्प्यात स्पष्टीकरण देण्यास मनाई केली. त्या वेळी शिक्षकांनी फक्त ‘पुढे काय?’, ‘असे का म्हणतोस?’, ‘तुझ्या शब्दांत सांग’ अशा प्रकारे विद्यार्थ्याला बोलते करायचे होते. दोन्ही टप्प्यांतले विद्यार्थी सारखेच शिकले. म्हणजे शिक्षकांच्या तोंडून जे ऐकायला मिळते तेच शिकणे, असे आपण समजतो ते पुरेसे खरे नाही. विद्यार्थ्याने स्वतः बोलण्यात आणि मांडण्यात शिकण्याचा फार मोठा भाग असतो.

उत्तम समजावणीत आणखी एक धोका आहे. ती ऐकताना सगळे कळल्यासारखे वाटते. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी २००६ साली विद्यार्थ्यांच्या एका गटाला एक उतारा पुन्हा वाचायला दिला आणि दुसऱ्या गटाला तो न पाहता आठवून लिहायला सांगितले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, आणि आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे होते. तुझी परीक्षा शिकवणीतून बाहेर पडल्यावर पाच मिनिटांनी होणार नाही. म्हणून शिक्षकांना असे अवश्य विचार की मागच्या आठवड्यात झालेला भाग ते पुन्हा कधी आणि कसा विचारतात. प्रत्येक तासाची सुरुवात मागच्या भागावरच्या दोन-चार प्रश्नांनी करणारे शिक्षक मिळाले, तर ते मला फार मोलाचे वाटतील, मग त्यांच्या नावाचा फलक कुठे लागलेला नसला तरी चालेल.

याच संदर्भात सरावाच्या पद्धतीविषयीही त्यांना विचारून घे. बहुतेक ठिकाणी एक धडा शिकवून त्याच धड्याची पन्नास उदाहरणे दिली जातात. ती भराभर सुटतात, आत्मविश्वास वाढतो, आणि पालकांनाही प्रगती दिसते. डग रोहरर आणि केली टेलर यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना चार अपरिचित घनाकृतींचे घनफळ काढायला शिकवले. एका गटाने एकेका प्रकाराची उदाहरणे सलग सोडवली, दुसऱ्याने चारही प्रकार मिसळून. सराव चालू असताना सलग सोडवणाऱ्यांची ८९ टक्के उत्तरे बरोबर आली आणि मिसळून सोडवणाऱ्यांची ६० टक्के. आठवड्यानंतर परीक्षा घेतली, तेव्हा पहिल्या गटाला जेमतेम २० टक्के जमले आणि दुसऱ्याला ६३ टक्के. कारण उघड आहे. सलग सरावात कोणती पद्धत वापरायची हे वरच्या शीर्षकातच सांगितलेले असते, आणि प्रवेश परीक्षेत प्रश्नाच्या डोक्यावर धड्याचे नाव लिहिलेले नसते. तुझ्या चुकांचा जो दुसरा प्रकार मी वर सांगितला, त्याचे मूळ पुष्कळदा इथे असते. तेव्हा शिक्षक मिश्र प्रश्नसंच देतात का, आणि किती लवकर देऊ लागतात, हे विचारून घे. अशा संचात सुरुवातीला गुण कमी पडतील. त्याने खचू नकोस आणि त्यावरून शिक्षकांविषयी मत बनवू नकोस.

परीक्षेची माहिती त्यांना किती आहे, हेही पाहायला हवे. विषयाचे उत्तम ज्ञान असूनही परीक्षेच्या सध्याच्या स्वरूपाशी संबंध सुटलेले शिक्षक असतात. परीक्षा घेणाऱ्या संस्थेने प्रसिद्ध केलेली यंदाची माहितीपुस्तिका तू स्वतः आधी वाच आणि मग बोलता बोलता त्यांना गुणांकनाविषयी विचार. समजा, बरोबर उत्तराला ४ गुण आहेत आणि चुकीच्या उत्तराला १ गुण वजा होतो. चार पर्यायांतून काहीच न कळता एक निवडला, तर सरासरी पाव गुण हाती येतो. एक पर्याय खात्रीने बाद करता आला, तर हीच सरासरी दोन-तृतीयांश गुण होते आणि दोन बाद झाले तर दीड. जिथे बरोबर उत्तराला १ गुण आणि चुकीला एक-तृतीयांश गुण वजा असतो, तिथे डोळे मिटून निवडल्यास सरासरी शून्य येते. ‘खात्री नसेल तर हात लावू नकोस’ असा सरसकट सल्ला देणाऱ्या किंवा ‘एकही प्रश्न सोडू नकोस’ असे सांगणाऱ्या शिक्षकांनी हा हिशेब केलेला नसतो. जे तुझ्याबरोबर बसून तो मांडून दाखवतील, त्यांना ही परीक्षा ठाऊक आहे असे समजायला हरकत नाही.

चौकशी करताना त्यांच्याकडून पहिल्या क्रमांकाने गेलेल्या विद्यार्थ्यांची नावे ऐकून भारावून जाऊ नकोस. एकूण किती विद्यार्थी होते, ते आले तेव्हा कोणत्या पातळीवर होते, आणि मध्येच किती जणांनी शिकवणी सोडली, हे कळल्याशिवाय त्या नावांवरून काहीच ठरत नाही. जी मुले मुळात हुशार होती ती कुठेही पुढे गेली असती. तुझ्याइतपत गुण असलेल्या एखाद्या जुन्या विद्यार्थ्याशी किंवा विद्यार्थिनीशी बोलता आले तर पाहा, आणि ‘सर चांगले आहेत का?’ असे न विचारता ‘चूक झाली की ते काय करतात?’ असे विचार. प्रवेशाची किंवा ठरावीक गुणांची हमी देणाऱ्यांकडे आपण जाणार नाही. अशी हमी प्रामाणिकपणे देणे कोणालाच शक्य नाही.

फी एकरकमी भरायची नाही, महिन्याच्या महिन्याला भरायची, हे मी स्वतः त्यांच्याशी बोलेन. सोडायचे झाल्यास काय नियम आहेत तेही आधीच लेखी घेऊ.

एकटीची शिकवणी घ्यावी की तीन-चार जणींचा लहान गट चालेल, असे तू विचारले होतेस. गट खरोखर लहान असेल, सगळ्यांची पातळी जवळपास सारखी असेल आणि प्रत्येकीचे काम तपासले जात असेल, तर मला काहीच अडचण दिसत नाही. नुकतीच हीच परीक्षा देऊन गेलेली एखादी अभ्यासू ताई शिकवायला तयार असेल, तर तिचाही विचार कर, कारण आपण कुठे अडखळलो होतो हे तिला अजून आठवत असते. ऑनलाइन शिकवणी असेल, तर तुझे लिखाण त्यांना लिहिता लिहिता दिसेल अशी सोय हवी. नुसते त्यांचे बोलणे ऐकत बसायचे असेल, तर तसे धडे विनामूल्यही मिळतात.

एक गोष्ट आई म्हणून स्पष्ट लिहिते. शिकवणीची जागा उघडी, इतरांची ये-जा असलेली असावी, आणि शिकवणीच्या वेळा आम्हाला माहीत असाव्यात. अभ्यासाव्यतिरिक्त रात्री-अपरात्री संदेश येऊ लागले, ‘घरी सांगू नकोस’ असे कोणी म्हणाले, किंवा कोणाच्या वागण्याने तुला अवघडल्यासारखे झाले, तर कारणांचा विचार न करता तिथून निघून ये आणि मला फोन कर. भरलेल्या फीचा किंवा कोणाला काय वाटेल याचा विचार त्या वेळी मनात आणू नकोस. तुझ्यावर आमचा पूर्ण विश्वास आहे. तसेच रोज चारचौघांत अपमान करून ‘यामुळेच मुले अभ्यास करतात’ असे मानणारे शिक्षकही आपल्याला नकोत. ज्यांच्यासमोर चुकीचे उत्तर सांगायची भीती वाटते, त्यांच्यापुढे तू चुका लपवू लागशील, आणि लपवलेली चूक कोणीच दुरुस्त करू शकत नाही.

तिघांकडेही प्रत्येकी एक-दोन चाचणी तास घे. प्रत्येक तासात पेन बहुतेक वेळ कोणाच्या हातात होते, तू किती बोललीस, आणि तू अडलीस तेव्हा त्यांनी लगेच उत्तर सांगितले की थोडा वेळ थांबून एखादी लहानशी दिशा दाखवली, हे घरी येऊन त्याच वहीत लिही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या तासातले एक उदाहरण कोऱ्या कागदावर, काहीही न पाहता सोडवून बघ. तीनही ठिकाणच्या या नोंदी मला पाठव, मग आपण दोघी बोलून ठरवू. महिना-सव्वा महिन्याने तशीच एक पूर्ण प्रश्नपत्रिका पुन्हा सोडव आणि चुकांचे प्रकार पहिल्या वेळेशी ताडून पाहा. दुसऱ्या प्रकारच्या चुका कमी झालेल्या नसतील, तर आधी शिक्षकांशी मोकळेपणाने बोलायचे आणि तरीही फरक पडला नाही तर शिकवणी बदलायची. त्यात त्यांचा अपमान नाही आणि तुझेही अपयश नाही.

पहिली प्रश्नपत्रिका या रविवारी सोडव. त्या सकाळी मी फोन करणार नाही, दुपारनंतर करीन. झोप मात्र पुरेशी घेत जा.

तुझी,
आई