डिझेल चढते रोज, उतरते कधी?

‘कच्चे तेल घसरले, तरी पंपावरील दर जैसे थे’ ही बातमी वाचली. कंपन्यांचा आधीचा तोटा भरून निघायचा आहे, हे कारण एकवेळ मान्य करू. पण मग १६ जून २०१७ पासून देशभर ‘रोजचा दर’ (तेलाच्या बाजारभावाप्रमाणे पंपावरील दर रोज बदलणे) लागू केला तो कशासाठी?

२०२० ची आठवण आम्हा शेतकऱ्यांना पक्की आहे. टाळेबंदीत कच्चे तेल मातीमोल झाले, तेव्हा केंद्राने मे महिन्यात डिझेलवरील कर लिटरमागे १३ रुपयांनी वाढवला. स्वस्ताई पंपापर्यंत आलीच नाही. ७ जूनपासून, म्हणजे ऐन मृगात, दर रोज चढू लागले आणि तीन आठवड्यांत डिझेल सुमारे ११ रुपयांनी महागले. उलट २०२२ मध्ये पिंपामागे १२० डॉलरवर गेलेले कच्चे तेल डिसेंबरात ८० च्या आसपास उतरले; कंपन्यांनी मात्र दर घटवला तो थेट मार्च २०२४ मध्ये, तोही २ रुपये!

शहरात चार पंप जवळजवळ असतात. आमच्याकडे कॅन घेऊन पंधरा किलोमीटर जावे लागते. सगळीकडे भाव जवळपास सारखाच, त्यामुळे घासाघीस करणार कोणाशी? डिझेल वाढले की नांगरणीचा एकरी दर दुसऱ्या दिवशी वाढतो. तो ट्रॅक्टरवाला आमच्याच गावचा, त्याला तरी काय बोलणार? त्याने वाढवलेला दर पुढच्या हंगामातही तसाच राहतो. रोजच्या दराचा नियम उतरतानाही पाळला जावा आणि कच्च्या तेलाचा भाव, कर व कंपनीचा वाटा असा हिशेब प्रत्येक पंपावर मराठीत लावावा.

– एक कापूस उत्पादक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ